पलीकडून आलेली कू

बाळेकोप्प,
८ ऑगस्ट १९९३

अक्का, इथूनच तुझ्या पाया पडते.

तुझं पत्र पोहोचलं, पण भिजून. पोस्टमन लोकप्पा पावसाळ्यात आठवड्यातून एकदा येतो, आणि ओढ्याला पाणी असलं की तेवढंही नाही. अर्ध्या ओळी मी अंदाजाने वाचल्या. 'कूसु बोलायला लागली का?' ही ओळ मात्र एवढ्या पाण्यातूनही ठसठशीत राहिली होती, मेली!

नाही लागली. बारशाला मैथिली नाव ठेवलं, पण लहान पोरीला म्हणतात तसं आपल्या पद्धतीने सगळे तिला कूसुच म्हणतात, आणि तिला कुठल्याही नावाने हाक मारली तरी ती वळून बघते. कान चांगले आहेत. ताट आण म्हटलं की आणते. अडकित्ता कुठे म्हटलं की मावय्यांच्या उशाकडे बोट दाखवते. अडीच वर्षांची झाली, पण तोंडातून शब्द नाही. गेल्या महिन्यात शिरसीच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं. म्हणाले, काही दोष नाही, घरात बोलतं ठेवा. बोलतं ठेवा! कोणाला ठेवू, सांग ना.

तुला इथली माणसं माहीत आहेत. सासऱ्यांशी बोलावं तर मावय्यांना गेल्या दिवाळीपासून काही ऐकू येत नाही. हे उजाडायच्या आत बागेत जातात, बाराला जेवायला येतात, 'ताक' म्हणतात आणि परत जातात. नवऱ्याच्या तोंडून दिवसाला एक शब्द मिळतो, तोही ताकासाठी. सासूबाई होत्या तेव्हा निदान बोलणी तरी बसायची. त्या गेल्या तेव्हा मी सुटले म्हणाले होते, आठवतं? आता कोणी शिव्या घातल्या तरी चालेल असं झालंय.

माझा दिवस म्हणजे ती उठते तिथून ती झोपते तिथवर. सकाळी मावय्यांच्या सुपाऱ्या ती लोट्यात भरते आणि ओतते. परत भरते, परत ओतते. मी म्हटलं, कूसु, पुरे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि परत ओतल्या. मग मोरीत जाऊन पायावर पाणी घ्यायचं, ओल्या पायाने ओसरीभर फिरायचं, मी फडकं घेऊन मागे. दुपारी पत्र्यावर पाऊस असा बडवतो की ती रडली तरी मला फक्त उघडं तोंड दिसतं.

शेजार म्हणशील तर ओढ्यापलीकडे समोरच्या उतारावर कावेरम्मांचं घर, बस. मावय्यांची चुलत वहिनी. मुलगे बंगळूरला, म्हातारी एकटी. पण पाटाच्या पाण्यावरून दोन घरांचं वाकडं आलं त्याला नऊ वर्षं झाली. येणं-जाणं नाही, त्यांच्या ताटातलं विड्याचं पानसुद्धा तोंडात घालायचं नाही. लग्न होऊन आले त्याच दिवशी मला सासूबाईंनी दारात उभं करून ते घर दाखवलं होतं, आणि तिकडे बघायचं नाही असं सांगितलं होतं.

फणसाचे पापड पाठवायचे होते. वाळलेच नाहीत.

तुझी,
नागवेणी


धारवाड,
२१ ऑगस्ट

नागी,

आशीर्वाद वगैरे आहेतच, पण आधी कान उघडे ठेवून वाच. 'कोणाला बोलतं ठेवू' म्हणे! तू बोल. भाकरी थापताना बोल, भांडी घासताना बोल. हे तांब्या, हे पाणी, ही मांजर. लहानपणी तुझं तोंड बंद करायला अप्पय्या तुला गुळाचा खडा द्यायचे, आणि आता तुलाच बोलायला शिकवायची वेळ आली का?

आमच्या कॉलनीत एक बालवाडी आहे. सरोजा पाटील म्हणून बाई चालवतात. तीसेक मुलं, रंगीत खुर्च्या, अंगणात घसरगुंडी. मी परवा फाटकाशी उभी राहून बघत होते. एवढी एवढी पोरं, पण काय कलकलाट! बाईंना कूसुचं सांगितलं. त्या म्हणाल्या, अशी दोन मुलं आमच्याकडे होती, इतर पोरांत बसवली आणि सहा महिन्यांत पोपटासारखी बोलायला लागली.

तर माझं असं म्हणणं आहे. जूनमध्ये तिला इथे बालवाडीत घालायचं. त्याआधी घराची सवय व्हायला हवी, म्हणून संक्रांत झाली की मी येऊन तिला घेऊन जाते. तुमच्या गावाला बालवाडी कधी येणार आणि त्या रानात कूसु कोणाचं ऐकून बोलणार? इथे तीन खोल्या आहेत, त्यातली एक बंदच असते. आमचे हे, तुझे भावय्या, बँकेतून सहाला येतात. तोवर मला काय काम असतं? दोन माणसांचा स्वयंपाक. झाला नाही की झाला.

घाईने नाही म्हणू नकोस. तिच्या भल्याचं बघ.

भुवनक्का


बाळेकोप्प,
१७ ऑक्टोबर

अक्का,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र डब्याखाली ठेवलं होतं. रोज डबा उचलायची, वाचायची, परत ठेवायची. यांना दाखवलं. यांनी पूर्ण वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "तू ठरव." बागेला पाणी कधी सोडायचं ते दहा जणांना विचारतात, आणि हे मी ठरवायचं!

पण आधी गंमत ऐक. कूसुने आवाज काढला!

पाऊस उघडला. आमचा गडी गौडा सुपारीचे घड बघायला झाडावर चढला होता. त्याने वरून यांना कू घातली, आपल्याकडे बागेत एकमेकांना हाक म्हणून घालतात तशीच, लांबलचक. कूसु पायरीवर सुपाऱ्या मांडत बसली होती. उठली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि 'कूऽऽ' केलं! मी चुलीवरचं दूध टाकून धावले. परत कर म्हटलं तर केलं. अडीच वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज मी रडण्याशिवाय ऐकला गं. मी ओसरीवर बसून रडले. मावय्या विचारत होते, काय झालं, काय झालं? त्यांना काय सांगू आणि कसं?

आणि डोंगर तिला उत्तर देतो. ती कू घालते, थोडा वेळ जातो, आणि समोरून कू येते. मग ही टाळ्या वाजवते. सकाळी न्याहरीनंतर, मग दुपारी, मग दिवे लावायच्या आधी. सकाळचा आवाज बारीक असतो. दुपारी दोनच्या सुमाराला येतो तो जरा जाड, घोगरा. दुपारी हवा जड होते म्हणून असेल.

तुझ्या बालवाडीचं मी नाही म्हटलेलं नाही. पण तिचा आवाज आत्ता कुठे फुटलाय. थोडं थांबू या का?

तुझी,
नागी


धारवाड,
३० ऑक्टोबर

नागी, तू खुळी आहेस.

डोंगर उत्तर देतो! अगं, आपणही पोफळीच्या बागेतच वाढलो ना? पानांनी भरलेल्या खोऱ्यात आवाज परत येत नाही, पानं गिळून टाकतात. उघड्या खडकावरून येतो, तोही लगेच. तू लिहितेस थोडा वेळ जातो. आणि सकाळी बारीक, दुपारी जाड? डोंगराला काय सर्दी होते का दुपारची? कोणीतरी माणूस आहे तिथे. नीट बघ. भूत असलं तर त्याला आसरी विचार, प्यायला काय घेणार म्हणून, आपली रीत सोडू नकोस.

अप्पय्यांचं आठवतंय का? खालच्या बागेच्या शास्त्र्यांशी त्यांचं कोर्टात भांडण चालू होतं, तरी एकदा शास्त्र्यांची कू आली तेव्हा भरल्या ताटावरून उठून त्यांनी उलट कू दिली आणि खरकट्या हाताने धावत गेले. कू आली की उलट द्यायची. कोणाची, कशाची, हे बघायचं नाही. झाडावरून पडलेला माणूस शत्रू की मित्र हे तो जिवंत राहिल्यावर ठरवायचं, असं ते म्हणायचे.

आता माझं ऐक. कू म्हणजे बोलणं नव्हे. वासरूही हंबरतं. तीन वर्षांची होत आली, अजून आई म्हणत नाही, हे तुला हलकं वाटतं का? मी सरोजाबाईंकडे नाव घालून आले. मैथिली सुब्राय हेगडे. त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं. बघून फार बरं वाटलं.

अक्का


बाळेकोप्प,
२८ नोव्हेंबर

अक्का,

तू म्हणालीस ते खरं निघालं. कावेरम्मा आहेत.

मी दाराआड उभी राहून पाहिलं. कूसुने कू घातली. समोरच्या घराची कडी वाजली, म्हातारी काठी टेकत अंगणाच्या कडेला आली, पदराने तोंड पुसलं, मान वर केली आणि काय सांगू, एवढ्याशा देहातून कसली कू! मग तिथेच उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून. त्यांच्या कुंपणाची जास्वंद माणसापेक्षा उंच होती. ती मधोमध छाटली आहे, बरोब्बर आमच्या पायरीसमोर. कूसु दिसावी म्हणून छाटली असणार, दुसरं काय?

यांना सांगितलं नाही. सांगितलं आणि बंद कर म्हणाले तर? मावय्यांना ऐकूच येत नाही, तो प्रश्न नाही. मीही पलीकडे हात हलवला नाही. नऊ वर्षांचं वाकडं माझ्या हाताने कसं सरळ करू? पण आता माझं घड्याळ ती म्हातारीच झाली आहे. तिची सकाळची कू आली की मी भात वैरते. संध्याकाळची आली की दिवा. एखाद्या दिवशी उशीर झाला तर मीच दारात जाऊन बघते.

आता जे लिहिते ते वाचून पत्र जाळ. भावय्यांना दाखवू नकोस.

तू म्हणालीस बोल. मी बोलायचं ठरवलं. हे तांब्या, हे पाणी. चार दिवस केलं. पाचव्या दिवशी माझाच आवाज मला ऐकवेना. उत्तर न देणाऱ्या माणसाशी किती बोलायचं? काल मी दिवसभरात किती शब्द बोलले ते मोजले. अकरा. त्यातले चार 'नको'. डॉक्टरांनी तिच्या घशात बॅटरी मारली, ती माझ्या घशात मारायला हवी होती.

सुपारी उतरवण्याचे दिवस आहेत. अंगणात ढीग, गडीमाणसं येतात जातात, पण ती यांची माणसं, सुपारीची माणसं. मला फक्त कॉफी किती कप ते विचारतात.

परवा दुपारी मी तळ्याच्या कट्ट्यावर धुणं घेऊन बसले होते. कूसु शेजारी खेळत होती. मी पाण्याकडे बघत बसले. किती वेळ ते माहीत नाही. भानावर आले तेव्हा ती कट्ट्यावर नव्हती. माझं काळीज कुठे गेलं ते विचारू नकोस. ती घरी पोहोचली होती, एकटी, त्या सगळ्या पायऱ्या चढून, आणि ओसरीवर सुपाऱ्या लोट्यात भरत होती. मी धापा टाकत पोहोचले आणि काय केलं माहीत आहे? तिला मारलं. ती रडलीही नाही. लोटा उपडा केला आणि परत भरायला लागली.

मला कधीकधी ती नकोशी होते, अक्का. लिहिलं बघ. खोडत नाही.

तू बरोबर आहेस. माझ्याजवळ राहिली तर ती मुकी राहील. ये आणि घेऊन जा.

नागवेणी


धारवाड,
९ डिसेंबर

माझी नागी,

पत्र जाळलं. तू वाईट आई नाहीस. दमलेली आहेस. दोन्हीत फरक असतो, आणि तो तुला सांगायला तिथे कोणी नाही एवढंच.

गुरुवार, वीस जानेवारीला आम्ही दोघं येतो. भावय्यांनी रजा टाकली. बंद खोली उघडली, चुना मारून घेतला. लाकडी पलंग करायला टाकलाय, कठडा असलेला, म्हणजे झोपेत पडायला नको. पिवळा फ्रॉक घेतला, थोडा मोठाच, जूनपर्यंत अंगाला होईल. शेजारच्या कुलकर्णीबाई म्हणाल्या, भुवनाताई, तुमचा चेहराच बदलला. या घरात आम्हाला बारा वर्षं झाली, पण त्या पहिल्यांदाच असं काही बोलल्या.

एक विचारू? ती बोलायला लागली आणि मला आयी म्हणाली तर तुला राग येणार नाही ना? मी शिकवणार नाही. आपण होऊन म्हणाली तर, असं म्हणते.

आता पत्राची वाट बघू नकोस. मीच येते.

अक्का


बाळेकोप्प,
१५ जानेवारी १९९४

अक्का,

हे पत्र लोकप्पाच्या भरवशावर ठेवत नाही. हे स्वतः शिरसीला जाऊन टपालात टाकतायत. वीस तारखेच्या आत तुझ्या हातात पडायला हवं.

तू येऊ नकोस. म्हणजे ये, हजारदा ये, पण कूसुला न्यायला येऊ नकोस. थांब, फाडू नकोस, सगळं वाच.

गेल्या रविवारी पलीकडे गाडी आली. पांढरी मोटार, थेट ओढ्यापर्यंत. कावेरम्मांचा थोरला मुलगा. दोन ट्रंका, एक गाठोडं, मग म्हातारी. म्हातारी अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली, छाटलेल्या जास्वंदीपाशी. मी घरातून बघत होते. मला कळलं की ती जाते आहे, कायमची जाते आहे. एकदा बाहेर येऊन उभी राहिले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही. मी खिडकीचं दार लोटून घेतलं. कूसु तेव्हा झोपली होती. म्हातारीने कू घातली नाही. पोर उठेल म्हणून नसेल घातली.

सोमवारी कूसुने कू घातली. समोरून काही नाही. परत घातली. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. हेही घरी नव्हते, डोंगरापलीकडच्या भटांकडे सुपारी उतरवायला गेले होते. ते आपल्याकडे आले होते, आता आपण त्यांच्याकडे जायचं, तशी चार दिवसांची पाळी होती. मंगळवारी ती न जेवता पायरीवर उभी. बुधवारी आवाज बसला. मी आत ओढून आणलं की परत बाहेर. मी म्हटलं, अगं गेल्या त्या, बंगळूरला गेल्या. तिला बंगळूर काय कळणार?

गुरुवारी सकाळी ती आत आली. मी तांदूळ निवडत होते. माझ्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात पसरले, तळवे वर, आणि म्हणाली,

"नाई."

अक्का, तिचा पहिला शब्द. आई नाही, बाबा नाही, पाणी नाही. 'नाई.' तिकडे कोणी नाई. मला एवढा आनंद व्हायला हवा होता, आणि मला वाटलं जमीन फाटावी. अडीच-तीन वर्षांच्या पोराने पहिला शब्द हा शिकावा? आणि आता आठ दिवसांनी मी तिला गाडीत बसवणार. मग ती तुझ्या नव्या पलंगावर उभी राहून असेच हात पसरणार, आणि त्या वेळी नसलेलं माणूस मी असणार.

मी उठले. तिला मावय्यांच्या मांडीशी बसवलं, बघा म्हणून खुणेने सांगितलं, आणि पदर खोचून निघाले. बाग उतरले, ओढा ओलांडला, पलीकडचा चढ चढले. लग्नाला सहा वर्षं झाली, त्या अंगणात माझं पाऊल पहिल्यांदा पडलं.

दाराला कुलूप. आणि ओसरीच्या खांबाला काय बांधलं होतं सांगू? पोफळीच्या झावळीचं रुंद बूड, मोठी विरी, पोरांना बसवून ओढतात तशी गाडी. कडा विळ्याने गुळगुळीत केलेल्या, पुढे सुताची दोरी, आणि बसायच्या जागी जुन्या लुगड्याची घडी. म्हातारीने ती आणून देता येईना म्हणून तिथेच ठेवली होती. मी खिडकी लोटत होते तेव्हा ती हेच दाखवायला उभी होती का गं? मी तिथे बसून मोठमोठ्याने रडले. ऐकायला होतंच कोण?

मग वर पाहिलं. जास्वंदीच्या छाटलेल्या जागेतून आमचं घर दिसत होतं. किती लहान घर! पायरीवर ठिपक्याएवढी कूसु. मावय्यांना चुकवून आली होती आणि इकडेच बघत होती. मी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि कू घातली. जन्मात घातली नसेल अशी, पोटातून.

आणि अक्का, मी काय करून बसले ते ओरडल्यावर लक्षात आलं. लेकरू कू घालतं तो खेळ असतो. भर सकाळी बाईमाणसाने, तेही बागेपलीकडून, एवढी कू घातली म्हणजे कोणीतरी पडलं, नाहीतर साप चावला. खालच्या बागेतून कू आली. वरच्या टेकाडावरून, झाडाच्या शेंड्यावरून गौड्याची. मग आमच्या इथल्या शास्त्र्यांच्या खळ्यावरून, मग कुठून कुठून. सात मोजल्या मी. हे खोरं रिकामं आहे, इथे आम्ही चौघं आणि एक म्हातारी, असं मी तुला लिहीत होते ना? ही माणसं होती कुठे इतके दिवस?

कूसु पायरीवर गोल फिरत होती, कुठल्या कूकडे बघावं कळेना. मग सगळं शांत झालं. तिने हात तोंडाशी नेले. कू नाही घातली. ओरडली,

"आयी!"

एवढ्या लांबून, बसलेल्या आवाजात. पण ऐकू आलं.

हे सर्वात आधी पोहोचले. आदल्या संध्याकाळीच भटांकडून परतले होते. हातात कोयता, पाय चिखलाने भरलेले, तोंड पांढरंफटक.

"कोण पडलं?"

"कोणी नाही."

"मग कू कशाला घातलीस?"

"कूसुला उलट द्यायला."

ते मटकन बसले. त्याच ओसरीवर, नऊ वर्षांनी. विरीच्या गाडीकडे बघत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "दुपारची मी द्यायचो."

"काय?"

"दुपारची कू. कावेरम्मा दुपारी झोपतात. कूसु थांबायचीच नाही, मग मी द्यायचो बागेतून."

दुपारची, ती जाड, घोगरी! मी हवेला नावं ठेवत होते. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू कुठे सांगितलंस?"

अक्का, सहा वर्षं मी या माणसाकडून फक्त 'ताक' ऐकत होते.

तोवर गौडा पोहोचला, शास्त्र्यांचे दोघं पोहोचले, वरच्या टेकाडावरचा तिमप्पा दोर घेऊन पोहोचला. कोण पडलं, कुठे पडलं? हेगड्यांच्या सुनेने लेकराला उत्तर द्यायला कू घातली हे कळल्यावर गौडा म्हणाला, "वहिनी, पुढच्या वेळी आधी सांगा, मी झाडावरून निम्म्यातून उडी मारली." सगळे हसले. ही गोष्ट मी मरेपर्यंत हे लोक सांगत राहणार. पण धावत आलेल्या माणसांना तसंच कसं पाठवायचं? सगळ्यांना घरी घेऊन आले आणि आठ कप कॉफी केली. कूसु प्रत्येकासमोर जाऊन तळवे पसरत होती, "नाई, नाई," आणि तिमप्पा तिला उलट सांगत होता, "आहे, आहे, मी आहे."

उद्यापासून सगळं छान होणार आहे असं मला वाटत नाही. कावेरम्मा नाहीत. हे परत बागेत जातील. दुपारची मला अजून भीती वाटते. कालचंच सांगते, तिने सगळे तांदूळ अंगणात ओतले आणि माझा हात उगारला गेला. खाली आला, पण उगारला गेला. जूनपासून दोन मैलांवरच्या शाळेत बालवाडी निघणार आहे म्हणतात. निघाली तर हे तिला खांद्यावरून नेतील. निघाली नाही तर आम्ही दोघी आहोतच, सुपाऱ्या आणि लोटा.

पण तिला देता येणार नाही. मीच ये म्हणाले, तू खोली रंगवलीस, पलंग केलास, आणि आता मी हे लिहिते. तुझी किती मोठी अपराधी आहे ते मला कळतं. तू विचारलं होतंस राग येईल का. येईल, अक्का. फार येईल. माफ कर.

तुझी,
नागी


धारवाड,
२४ जानेवारी

नागी,

पत्र एकोणीसला मिळालं. भावय्यांची पिशवी भरून दारात होती. मी ती सोडून कपडे परत कपाटात ठेवले. त्यांनी रजा मात्र रद्द केली नाही. चारही दिवस घरीच होते. बागेतल्या कुंड्या रंगवल्या.

मला राग आला. खोटं कशाला लिहू? पहिले दोन दिवस तुला इतकं बोलले मनातल्या मनात, की तू समोर असतीस तर माझं तोंड बंद करायला तुला अप्पय्यांचा गुळाचा खडा शोधावा लागला असता. तिसऱ्या दिवशी पत्र परत काढलं आणि तिने हात पसरून 'नाई' म्हटलं तिथपर्यंत वाचलं. त्याच्या पुढचं वाचवलं नाही. मग कळलं की तू बरोबर केलंस.

सरोजाबाईंकडे जाऊन नाव काढून आले. त्यांनी एक आडवी रेघ मारली. पिवळा फ्रॉक पार्सलने पाठवते, मोठाच आहे, चालेल. पलंग राहू दे. मे महिन्यात तुम्ही दोघी या, आठ दिवस. दोघी म्हणते, नीट वाच. तेव्हा लागेल.

मावय्यांना नमस्कार. आणि भाऊजींना सांग, दुपारची कू चुकवू नका.

आणखी एक, हसू नकोस. काल संध्याकाळी मी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले होते. समोर सगळी घरं, सगळ्या खिडक्या, दिवे लागत होते. काय वाटलं कोण जाणे, मी कपडे खाली ठेवले, हात तोंडाशी नेले आणि कू घातली. तीस वर्षांनी, अप्पय्यांच्या बागेत घालायचो तशी. चांगली जमली, आवाज अजून आहे.

थोडा वेळ थांबले. मग कुलकर्णीबाईंनी खिडकी उघडली आणि विचारलं, "भुवनाताई, मांजर हरवलं का हो?"

मी हो म्हटलं आणि कपडे घेऊन खाली आले.

तुझी,
अक्का